पिक अपचे अर्थ पाठ करू नका, असे धरा

पुण्यात मी एका कंपनीत फोनवरच्या कस्टमर सपोर्टला होतो तेव्हाची गोष्ट. आमचा वरचा साहेब इंग्लंडमधला, रोज संध्याकाळी त्याच्यासोबत फोनवर मीटिंग, मी काहीतरी आकडे सांगत होतो तर मधेच तो म्हणला, "कॅन आय जस्ट पिक यू अप ऑन दॅट?" आता मला पिक अपचा एकच अर्थ माहीत, गाडी घेऊन यायचं अन् माणसाला घेऊन जायचं, म्हणून मी लई नम्रपणे म्हणलो, "नो सर, थँक यू, आय हॅव माय ओन बाईक." दोन सेकंद सगळे गप्प, अन् मग जे हसले ते अजून कानात आहे. साहेबाला एवढंच म्हणायचं होतं की तू आत्ता बोललास त्यात एक चूक आहे, टोकू का जरा.

आता मी अंबाजोगाईला असतो, संध्याकाळी पोरांची इंग्लिशची बॅच घेतो, अन् दरवर्षी कोणीतरी पिक अपच्या अर्थांची यादी घेऊन येतंच. यंदा माझा भाचाच आला, इंटरव्ह्यूची तयारी करायलाय.

"मामा, बावीस अर्थ हायत. काल रात्री सगळे पाठ केले, सकाळी उठलो तर सहाच ध्यानात."

"मग सोळा कुठं गेले?"

"तेच इचारायलो की तुम्हाला."

म्हणलं यादी ठेव बाजूला, आधी मला सांग आपल्या 'उचलणे'चे अर्थ किती. तो म्हणला एक. बरं, मग मोज. पोतं उचललं. फोन उचलला. पोलिसांनी त्याला रात्रीच उचलला. बँकेतून पैसे उचलले. ऊसतोडीला जायच्या आधी मुकादमाकडून उचल घेतली. लग्नाचा खर्च मामानं उचलला. बायकोवर हात उचलला. पोरानं ही शिवी कुठनं उचलली काय माहीत. अन् उचलली जीभ लावली टाळ्याला, ती तर तुझ्याच तोंडात आहे. नऊ बोटं झाली. आता सांग, ही यादी तुला कोणी पाठ करायला दिली होती? कोणीच नाही. पोतं म्हणलं की पाठ वाकलेला हमाल दिसतो, पोलिस म्हणलं की जीप दिसते, शब्द तोच पण त्याच्या बाजूला कोण बसलंय त्यावरून आपल्याला कळतं. पिक अप पण असंच धरायचं, बाजूचा शब्द बघून. खाली सांगतो ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

आधी मुळातलं चित्र पक्कं करा. नुसतं 'पिक' म्हणजे निवडणं, खुडणं, वेचणं. आपल्याकडं दिवाळीच्या आगंमागं बाया कापूस वेचायला जातात ते 'पिक कॉटन', तिथं अप नाही, कारण बोंडातून बोटांनी काढायचं असतं. त्याला अप लावलं, 'पिक अप द कॉटन', की तो झाडावरचा कापूस राहत नाही, खाली सांडलेला गोळा करायचा किंवा कुठंतरी भरून ठेवलेला उचलून न्यायचा असा अर्थ होतो. म्हणजे पिक अप म्हणलं की काहीतरी कुठंतरी पडून आहे, थांबून आहे, अन् ते हातात येऊन वर आलं किंवा सोबत निघालं. बावीसच्या बावीस अर्थ या चित्रातूनच फुटलेत, काही जवळचे, काही लांबून नातं लागणारे.

इथंच आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक सांगून टाकतो. 'प्लीज पिक मी फ्रॉम द स्टँड', 'ही इज नॉट पिकिंग माय कॉल', असं आपण धडधडीत बोलतो अन् लिहितो पण. अप गाळलं की स्टँडवरच्या गर्दीतून मला निवड, किंवा फुलासारखं खुडून ने, असं काहीतरी होतं. समजून घेणारा समजून घेतो ती गोष्ट वेगळी, पण बरोबर वाक्य 'पिक मी अप फ्रॉम द स्टँड' अन् 'ही इजन्ट पिकिंग अप'.

आता वाक्य समोर आलं की काय करायचं. पहिला प्रश्न, काय उचललं ते वाक्यात लिहिलंय का? नसलं, तर ती गोष्ट आपलीआपणच वर आली, वाढली, सुधारली. 'द विंड इज पिकिंग अप', वारं वाढायलं. 'बिझनेस पिक्ड अप आफ्टर दसरा', दसऱ्यानंतर धंद्याला जरा जीव आला. लातूरच्या आडतीत सोयाबीनचा भाव पडून होता अन् हळूहळू सुधारला तर 'प्रायसेस हॅव पिक्ड अप'. आजी आठ दिवस अंथरुणावर होती, आता उठून बसायली, भाकरी मागायली, तर 'शी इज पिकिंग अप'. यात एक बारीक गंमत आहे, आधी काहीतरी थंड पडलेलं, मंद असलेलं पाहिजे. भाव आधीच आभाळाला टेकलेत अन् अजून चढले तर तिथं सहसा पिक अप म्हणत नाहीत, राईज म्हणतात. पडलेलं उठलं, हा वास पाहिजेच.

याच खात्यात फोन येतो, 'आय कॉल्ड यू थ्री टाइम्स, यू डिडन्ट पिक अप', फोन शब्द न बोलता पोटात धरलेला. अन् पोथीसारखा एक प्रकार आहे, काल जिथं अध्याय थांबला तिथून आज पुढं, त्याला 'लेट्स पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ'. मीटिंगमधे, क्लासमधे, भांडणात पण चालतं.

दुसरा प्रश्न, उचललेली गोष्ट लिहिली असंल तर ती कसली आहे. वस्तू असली तर सोपं, उचल किंवा जाऊन घेऊन ये. 'पिक अप द पार्सल' म्हणजे पार्सल ताब्यात घेऊन ये. 'पिक अप सम मिल्क ऑन द वे' म्हणजे येताना दूध विकत आण, यात पैसे देणं गृहीत आहे, कोणी चोरी करायला सांगत नाही. भाचा म्हणला, "पण मामा, मग पैसे दिले हे कुठं आलं त्यात?" अरे, 'येताना दूध घेऊन ये' म्हणते तुझी आई, त्यात तरी पैसे कुठं आलेत.

माणूस असला तर तीन रस्ते फुटतात अन् इथं जपून. गाडी असली तर घ्यायला जाणं, 'आय विल पिक यू अप फ्रॉम परभणी स्टेशन'. आपण म्हणतो 'आय विल कम टू रिसीव्ह यू', ते फार पाहुण्यारावळ्यांचं वाटतं, सत्कार समितीनं हार घेऊन उभं राहावं तसं. गाडी नसंल, नुसतं भेटायला उभं राहणार असाल तर 'आय विल मीट यू ॲट द स्टेशन'. दुसरा रस्ता पोलिसांचा, 'द पोलीस पिक्ड हिम अप', अगदी आपल्यासारखंच. तिसरा रस्ता असा की अनोळखी माणसाशी, बहुतेक बाईमाणसाशी, सलगी करून तिला सोबत नेणं, पिकअप लाइन हा शब्द तिथलाच. म्हणून इंटरव्ह्यूत किंवा ऑफिसात 'येस्टर्डे आय पिक्ड अप अ गर्ल ॲट द बस स्टँड' असं वाक्य चुकून पण बोलू नका, समोरचा भलतंच समजंल. बहिणीला आणायला गेला होतात ना, मग 'आय पिक्ड अप माय सिस्टर' म्हणा, नातं बोललं की भानगड मिटली.

गाडीनं वाटेत प्रवासी किंवा माल घेतला तरी हेच. देवगिरी एक्सप्रेस जालना, परभणी, नांदेडला पॅसेंजर पिक अप करत जाते. २०१६ च्या एप्रिलात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते आठवत असंल, तिथं 'द ट्रेन पिक्ड अप वॉटर ॲट मिरज' एकदम फिट बसतं. अन् हायवेला एसटीसाठी जे शेड असतं त्याला आपण पिकअप शेड म्हणतो ते पण याच घरातलं, तिथं एसटी कमी अन् शेळ्या जास्त बसलेल्या असतात हा भाग सोडा.

मला सगळ्यात आवडतो तो अर्थ न दिसणाऱ्या गोष्टींचा. भाषा, सवय, सर्दी, रेडिओचं स्टेशन, स्पीड. हातात धरता येत नाही असलं काही उचललं की समजायचं, रस्त्यानं जाताना ते आपसूक अंगाला चिकटलं, मुद्दाम बसून मिळवलं नाही. माझी मावशी तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरला दिली, शाळा चौथीपर्यंतची, पण बाजारात भाजी घेता घेता, शेजारणींशी बोलता बोलता तेलगू फाडफाड बोलायला लागली, तर 'शी पिक्ड अप तेलगू'. कर्नाटकाला लागून असलेल्या उदगीरकडं लोक कानडी अशीच उचलतात, अन् संभाजीनगरच्या जुन्या मोहल्ल्यांमधे वाढलेलं मराठी पोरगं दखनी उर्दू कधी बोलायला लागतं त्याला पण कळत नाही. याला लर्न म्हणलं तर चूक नाही, पण चव जाते. लर्नमधे वही, मास्तर, परीक्षा येते. पिक अपमधे बाजार येतो.

हे इंटरव्ह्यूत लई कामाला येतं. काकाच्या दुकानावर बसून टॅली शिकलात, सर्टिफिकेट नाही, तर लपवायचं कामून? 'आय पिक्ड अप टॅली ॲट माय अंकल्स शॉप' म्हणा, म्हणजे क्लास न लावता काम करत करत शिकलो असं एका वाक्यात येतं अन् खोटं पण नाही. पण सहा महिन्यांचा कोर्स रीतसर केला असंल तर तिथं पिक अप वापरून स्वतःचं मोल कमी करू नका, 'आय डिड अ कोर्स' म्हणा. भाच्यानं पहिल्या दिवशी नेमकं उलटं केलं होतं, कोर्स पिक अप केला अन् दुकानावरचं काम लर्न केलं.

सर्दी पण तशीच, 'आय पिक्ड अप अ कोल्ड', कुठंतरी लागली. वाईट सवय, शिवी, बोलायची ढब, सगळं 'पिक्ड अप'. मराठीत इथं निम्म्या जागी 'लागणे' येतं, सर्दी लागली, सवय लागली, अन् जुन्या लोकांना विचारा, रेडिओवर परभणी लागलं का म्हणायचे, त्याला इंग्लिशमधे 'द रेडिओ पिक्ड अप परभणी'. म्हणून कुठं उचलणे बसत नसंल तर लागणे लावून बघा, बऱ्याचदा कुलूप उघडतं. पिक अप स्पीड म्हणजे वेग घेणं, स्टेशन सोडल्यावर गाडी वेग घेते तसं, अन् आपण 'गाडीला पिकअपच नाही राव' म्हणतो ते याच्याच पोटातलं, अमेरिकेत पण गाडीच्या त्या जोराला पिकअप म्हणतात.

तिसरा प्रश्न, शेपटीला काय आहे. ऑन असलं की लक्षात येणं, ताडणं. घरात दोघांचं वाजलंय, कोणी काही बोललं नाही तरी आईनं चेहऱ्यावरून वळखलं, 'शी पिक्ड अप ऑन इट'. अन् मधे माणूस, मग ऑन, म्हणजे 'पिक यू अप ऑन दॅट', की टोकणं, माझ्या साहेबाचं ते. हे जास्त करून ब्रिटिश लोकांच्या तोंडी. आफ्टर असलं की दुसऱ्याचा पसारा आवरणं, 'आय ॲम टायर्ड ऑफ पिकिंग अप आफ्टर यू', हे वाक्य प्रत्येक घरातली आई रोज मराठीत बोलतीच.

काही जोड्या मात्र जशाच्या तशा घ्याव्या लागतात. 'पिक अप द बिल', हॉटेलात बिल आपण भरणं. 'पिक अप द स्लॅक', यात स्लॅक म्हणजे दोरीचा सैल पडलेला भाग, कासरा ढिला पडला की आपण ओढून घेतो ना तसं, टीममधला एकजण सुट्टीवर गेला अन् त्याचं राहिलेलं काम बाकीच्यांनी ओढलं. 'पिक अप द पीसेस', सगळं मोडून पडल्यावर पुन्हा उभं राहणं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारी, सास्तूरच्या लोकांनी जे केलं ते हे, ज्याला हा शब्द समजायचा त्यानं तिकडच्या कोणा म्हाताऱ्याशी दहा मिनिटं बोलावं. अन् 'पिक मी अप' हे नाम म्हणून आलं की तरतरी आणणारी गोष्ट, म्हणजे आपला दुपारचा चहा.

आता उलटा सापळा. पिक अप बघून उचलणे आठवलं तर बहुतेक वेळा निभावतं, पण उचलणे बघून पिक अप टाकलं की पडलात. मुकादमाकडून उचल घेतली याचं 'पिक्ड अप मनी' करू नका, ते 'टुक ॲन ॲडव्हान्स'. पिक्ड अप मनी म्हणलं तर वाटंल रस्त्यात नोटा सापडल्या, अन् तोडीला जाणाऱ्या माणसाला विचारा ती उचल सापडलेली असती का सहा महिने कोयता चालवून फेडायची असती. बँकेतून पैसे उचलले ते 'विथड्रू'. हात उचलला, मारायला असू द्या नाहीतर वर्गात उत्तर द्यायला, तिथं रेज. पाऊल उचललं ते 'टुक अ स्टेप'. फक्त खर्च उचलणं तेवढं दोन्हीकडं जवळपास जुळतं. अन् लिफ्टशी पण गल्लत नको. लिफ्ट म्हणजे नुसतं वर करणं, जड पोतं छातीपर्यंत आणलं की लिफ्ट झालं. पिक अपमधे धरणं आहे, घेणं आहे, बऱ्याचदा घेऊन चालू पडणं आहे.

ग्रामरचा एकच नियम सांगतो, बाकीचे पुस्तकात बघा. इट, हिम, हर, देम, मी असले छोटे शब्द कायम मधे बसतात. 'पिक इट अप' बरोबर, 'पिक अप इट' चूक, 'पिक अप मी' तर कानाला खडाच. पूर्ण नाव असंल तर दोन्ही चालतं, 'पिक द बॅग अप' किंवा 'पिक अप द बॅग'. नाव लांबलचक झालं, म्हणजे काल काकांनी ओट्यावर ठेवलेली ती निळी बॅग वगैरे, तर अप आधी टाकून मोकळं व्हा, नाहीतर ऐकणारा अपची वाट बघत बसंल. अन् ऐकताना हे तुटक येत नाही, 'पिक इट अप'चं 'पिकिटप' होतं, अमेरिकन बोलला तर 'पिकिडप', 'पिक हिम अप'चं 'पिकिमप', 'पिक्ड अप'चं 'पिक्टप'. आमची पोरं वेब सिरीज बघताना यालाच अडकतात, अर्थ येत असतो पण शब्दच वळखू येत नाही. मोठ्यानं दहादा म्हणा, घरचे हसले तर हसू द्या. लिहिताना क्रियापद दोन शब्दांत, गाडीचं नाव एका शब्दात किंवा मधे रेघ देऊन, अन् बोलताना क्रियापदात जोर अपवर, गाडीत जोर पिकवर.

जाता जाता, पिक अपसारख्या जोडून येणाऱ्या क्रियापदांना फ्रेजल व्हर्ब म्हणतात, ते नाव काही फार जुनं नाही, लोगन पिअरसॉल स्मिथ नावाच्या लेखकानं १९२५ साली ते छापलं, अन् त्याला ते सुचवलं होतं ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. म्हणजे लोक शेकडो वर्षं हे बोलत होते अन् नाव नंतर पडलं, त्यामुळं नियम आधी अन् भाषा नंतर असं समजून घाबरायचं काम नाही.

सरावाला वही करा पण अर्थांची नाही. डाव्या बाजूला कोणी उचललं, उजव्या बाजूला काय उचललं, एवढंच लिहा, वारं आणि काहीच नाही, पोलिस आणि चोर, मावशी आणि तेलगू. अर्थाचा रकाना ठेवूच नका, तो डोक्यात भरू द्या. आठवड्यात पाच जोड्या झाल्या तरी पुष्कळ. भाच्याला मी शेवटी हा उतारा दिला, तुम्ही पण करून बघा, खालचं न बघता.

"बिझनेस वॉज स्लो टिल दसरा, देन इट पिक्ड अप. माय अंकल, हू पिक्ड अप तेलगू इन देगलूर, पिक्ड अप अ सेकंड-हँड पिकअप. ही पिक्ड मी अप फ्रॉम परभणी स्टेशन. आय हॅड पिक्ड अप अ कोल्ड ऑन द ट्रेन अँड ही पिक्ड अप ऑन इट, सो वी स्टॉप्ड फॉर टी. ही पिक्ड अप द बिल."

धंदा सुधारला, तेलगू कानावर पडून आली, जुनी गाडी विकत घेतली, मला स्टेशनवरून नेलं, सर्दी लागली, काकांनी ती ताडली, चहाचे पैसे त्यांनीच दिले. भाच्यानं सातही बरोबर सांगितले, अन् मग डोकं खाजवत म्हणला, "मामा, मी आठ मोजायलो, आठवा कुठंय?" अरे, ती गाडी आहे.